न तपासलेलं माप

पोलादपूर, मंगळवार संध्याकाळ

स्टुडिओची पाटी, दिव्यांचे स्टँड, लग्नाचे अल्बम लावणारा प्रोग्राम, सगळं माझ्या हातचं. महाडपर्यंतचे स्टुडिओवाले तोच प्रोग्राम वापरतात आणि त्यातच भोक निघालं. फोटोची फाइल स्वतःचं माप सांगते, ते मी तपासलंच नाही. खोटं माप घातलेला फोटो उघडला, की मेमरीत नेमल्या जागेबाहेर लिहिलं जातं आणि परका माणूस कॉम्प्युटरमध्ये शिरतो. फ्रेमचं माप दोनदा घेणारा मी, हे कसं सुटलं?

आज सगळ्यांना फोन करून सांगितलं. वरंधचा स्टुडिओवाला म्हणाला, "दादा, माझी फ्रेम वाकडी म्हणून हसायचात ना? आता तुमचंच माप चुकलंय." पुढचा नंबर लावला.

भोक शोधणाऱ्यानेच काल फोन केला होता. म्हणाला, बुजवू नका, कुणाला बोलू नका, ते मला वापरायचंय, दोन लाख देतो. नाही म्हटलं.