तीन सेकंदांच्या लाटा

मंगळवार, संध्याकाळ

मखमलाबादचे शेवंतीवाले काका आज स्टुडिओत आले. त्यांच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ मीच केला होता. काकू दिवाळीनंतर गेल्या, हे मला आज कळलं. काकांनी तो व्हिडिओ काकूंच्या शॉटवर थांबवून मला दाखवला.

"ताई, बाकी सगळीकडं ती घोळक्यात, पदराआड. एकटी फक्त इथं हाय, आणि तिथंच तुम्ही पाणी हलवलंय. तेवढं काढता येईल का?"

तीनच सेकंद. मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या आईनं लग्न बघायचं नसतं, म्हणून काकू मांडवामागे तुळशीला पाणी घालत बसल्या होत्या. मी कॅमेरा घेऊन तिकडे धावले, तीन सेकंद घेतले आणि परत स्टेजकडे. नंतर एडिटिंगमध्ये त्यावर रिपल, म्हणजे पाण्याच्या लाटांचा इफेक्ट, टाकला. पाणी आहे तर लाटा शोभतील, असं वाटलं असणार. की दुसरं काही होतं? आठवेना.

मूळ शूटिंग पुसलं नव्हतं, नशीब. काकांसमोरच इफेक्ट काढला. लाटा थांबल्या आणि मला आठवलं. काकूंनी ओला हात चेहऱ्यासमोर धरला होता, मला घेऊ नकोस म्हणून. शॉट वाया जाऊ नये म्हणून मी तो हात लाटांखाली लपवला होता.

चेहरा नाहीच. आता काय सांगू यांना? माफी मागायला तोंड उघडलं, तर काका हसत होते.

"हीच ती. फोटो कधी काढू द्यायची नाय."

मग परत लावायला सांगितलं. परत, परत. दर वेळी तो हात वर यायच्या जरा आधी ते मला म्हणायचे, "आता बघा."