डावी कडा

प्रिय बाबा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही आधी आईकडे संशयाने पाहिलं असेल. बरोबर आहे तुमचा संशय. तिनेच फोन करून मला लिहायला सांगितलं. "त्यांना दोन बरे शब्द लिही गं. फोटो छान आहेत म्हणावं. तुझं ऐकतील ते," म्हणाली. माझं तुम्ही कधी ऐकलंत, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचा आवाज इतका उतरला होता की 'बघते' म्हणाले. तुम्ही मंडळ सोडलंत, कॅमेरा कपाटात वरच्या फळीवर टाकलात, दोन घास खाऊन पानावरून उठता आणि दिवसभर गॅलरीत पाठ करून बसता, हे सगळं तिने सांगितलं. तुमच्या एका फोटोवर कुणीतरी एक वाक्य बोललं म्हणून. तेव्हा ते दोन बरे शब्द तुम्हाला लिहायचे की नाहीत, एवढाच प्रश्न घेऊन कागदापुढे बसले आहे.

तुमच्या मंडळाची खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. वाचनालयाचा वरचा मजला, जिन्याच्या तोंडाशी मोडक्या खुर्च्यांची रास, आत भिंतीला टेकवलेला लाकडी स्टँड आणि त्यावर मान वाकडी करून लावलेला दिवा. रविवारी सकाळी सगळे आपापले फोटो टेबलावर पालथे ठेवायचे आणि कुणाचा कुठला हे न सांगता एकेक फोटो स्टँडवर चढायचा. ज्याचा असेल त्याने हूं की चूं करायचं नाही. ऊन कसं होतं, गर्दी किती होती, काही सांगायचं नाही. हा नियम तुमचाच. फोटोला स्वतःचं तोंड असतं, काढणाऱ्याने आपलं मिटावं, असं तुम्ही बजावायचात. पुढच्या खुर्चीवर तुम्ही, हातात लाकडी पट्टी. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढता काढता ती पट्टी तुमच्या हातालाच चिकटली होती. आधी ती फोटोच्या चारी कडांवरून फिरायची. मधलं कुणालाही दिसतं, कडेला काय काय शिरलंय ते बघा, म्हणायचात. नवीन माणसं वहीत लिहून घ्यायची.

आणि मग तुम्ही सालटी काढायचात. निर्दयपणे, पण हसू येईल अशा भाषेत, त्यामुळे ज्याची निघायची तो सोडून बाकीच्यांची करमणूक व्हायची. ते पोस्टमास्तर आठवतात? नातवाचा फोटो आणला होता त्यांनी, पहिलं पाऊल टाकतानाचा. मागचा खांब बाळाच्या टाळूतून उगवल्यासारखा आला होता. तुम्ही म्हणालात, "हा घरी भिंतीवर लावा, इथे आणू नका." सगळे खो-खो हसले. पोस्टमास्तरही हसले, कारण फोटो आपला आहे हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. ज्याला टीका सोसत नाही त्याने कॅमेऱ्याला हात लावू नये, असं तुम्ही त्या दिवशी जेवताना आईला ऐकवलंत. आईचा त्यात काही संबंध नव्हता.

माझी पाळी आली तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. तुमच्याच जुन्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो होता, आईचा. ती ओट्याशी पाठमोरी उभी, एक हात कमरेवर, समोर भांड्यांचा ढीग, खिडकीतला उजेड तिच्या मानेवर. आणि डाव्या कडेला टेबलावर टेकवलेलं एक कोपर, त्याच्यापुढे उघडं वर्तमानपत्र. कोपर तुमचं होतं, बाबा. तुम्ही ते ओळखलं नाहीत. स्वतःच्या घरातला ओटा, स्वतःची बायको, आणि ओळखलं नाहीत? की ओळखलंत? मला हे आजतागायत कळलेलं नाही. पट्टी त्या कोपरावर आपटून तुम्ही म्हणालात, "हा कुणाचा अवयव इथे विसरून गेलाय? उचला तो. याने बाई बघितली, फोटो बघितलाच नाही." पुन्हा तेच खो-खो. मला ओरडून सांगायचं होतं की ते कोपर म्हणजेच फोटो आहे, ते काढलं तर उरते नुसती भांडी घासणारी एक बाई. पण नियम होता. जिना उतरताना तुम्ही म्हणालात, "तुझा होता होय? कोपर काप, बरा होईल." आणि पुढे चालू लागलात.

मी काही कापलं नाही. कॅमेरा तुमच्या टेबलावर आणून ठेवला आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. का, असं तुम्ही विचाराल म्हणून बरेच दिवस वाट पाहिली. आईने विचारलं, धाकट्यानेही विचारलं. तुम्ही कॅमेरा पुसून, पिशवीत घालून जागेवर ठेवून दिलात.

आता मी छापखान्यात मुद्रितं तपासते हे तुम्हाला ठाऊक आहेच. सकाळपासून लाल पेन घेऊन दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. माझ्या शेजारी बसणारी म्हणते, बाई, तुझ्या नजरेतून काही म्हणता काही सुटत नाही. मुलगी कुणाची, असं मनात येतं आणि तोंड कडू होतं. धाकट्याचं बरं आहे. तुम्ही फोनवर काहीही पाठवा, तो उघडून न बघता "वा बाबा, कमाल!" असं लिहून मोकळा होतो. ते तुम्ही आईला चष्मा लावून वाचून दाखवता. तो आवडता आणि मी खडूस, हे घरात सगळ्यांनाच मान्य आहे. माझीही तक्रार नाही. पण आज दोन बरे शब्द हवेत तर ते त्याच्याकडून घ्यायचे होते, त्याच्याकडे भरपूर आहेत.

त्या रविवारी काय झालं हे मी आईच्या सांगण्यावर सोडलं नाही. ते वाक्य बोलणारी मंडळातली नवी बाई दातांची डॉक्टर आहे असं कळलं, तिचा नंबर मिळवून तिलाच फोन केला. मला वाटलं होतं, कुणी आगाऊ बाई असेल. बिचारी रडकुंडीला आली होती. मंडळात तिचा दुसराच रविवार होता. फोटो तुमचा आहे हे तिला माहीतच नव्हतं. बाकी सगळ्यांना माहीत होतं, कारण तसली जाड पांढरी किनार तुमच्याशिवाय कुणी ठेवत नाही. रस्ता ओलांडणारी म्हातारी, तिच्या काखेत मोठा आरसा, आरशात आभाळ. सगळ्यांनी वा वा केलं. हिची पाळी आली तेव्हा ही म्हणाली, आरशातलं आभाळ फार आवडलं, पण डाव्या कडेला हा पिशवीवाला हात कुणाचा, चुकून आलाय वाटतं. एवढंच. याहून सौम्य वाक्य तुमच्या तोंडून मी तरी कधी ऐकलेलं नाही.

आणि तुम्ही उठून उभे राहिलात. तुमचाच नियम तुम्ही मोडलात. तो हात मुद्दाम ठेवलाय, त्याने फोटोत ताण येतो, हे समजायला नजर तयार व्हावी लागते, असं बरंच काही बोललात. शेवटी म्हणालात, "दिवसभर लोकांची कीड बघणाऱ्यांना सगळीकडे कीडच दिसते." ती मला म्हणाली, माझी कानशिलं तापली हो. बाकीच्यांनी लगेच तुमची री ओढली. अध्यक्ष म्हणाले, सर आता नियमांच्या पलीकडे गेलेत. कुणी म्हणालं, अपुरेपणाचं सौंदर्य. तिला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. जिंकलात तुम्ही. मग जिंकलेला माणूस पट्टी स्टँडवर टाकून निघून का गेला, आणि अजून गॅलरीत पाठ करून का बसलाय?

खरं सांगते, फोन ठेवल्यावर मला आनंद झाला. अगदी गुदगुल्या झाल्यासारखा, दुष्ट आनंद. पोस्टमास्तरांना शोधून काढून सांगावं असं वाटलं. माझ्या कोपराला तुम्ही कचरा म्हणालात आणि तुमच्या कडेला आलेला परका हात मात्र कला! दोन दिवस मी छापखान्यात गुणगुणत होते. मग आईने पाठवलेलं पार्सल आलं. तुम्हाला न सांगता तिने कपाटातले तुमचे अलीकडचे फोटो काढून पाठवले होते, मी ते बघावेत आणि मला पाझर फुटावा म्हणून. मी ते उघडले ते पाझर फुटायला नव्हे. म्हटलं, आता माझी पट्टी. एकेक फोटो घेऊन अशी चिरफाड करीन आणि अशी लिहून पाठवीन की बाबांना कळेल, गप्प बसून ऐकायचं म्हणजे काय असतं.

जेवणाचं टेबल मोकळं केलं आणि फोटो मांडले. मागे पेन्सिलने तारीख घालायची तुमची सवय आहे, म्हणून तारखेप्रमाणे लावले. कडांपासून सुरुवात केली. सर्वांत जुन्या फोटोत डाव्या कडेला दाराच्या फळीची बारीक चीर, कुणाला दिसणारही नाही अशी. पुढच्या एका फोटोत सायकलचं अर्धं चाक. मग बादली, मग कुणाचा तरी खांदा. आरशाच्या फोटोत पिशवीसकट हात. त्याच्या नंतरच्या, शेवटच्या फोटोत तर एका माणसाचा अर्धा चेहरा, सरळ कॅमेऱ्याकडे बघणारा. तुम्ही टिपलीय ती पलीकडच्या ओट्यावरची मांजर, आणि हा गृहस्थ तिच्याहून मोठा आलाय. बाकीच्या तीन कडा इतक्या स्वच्छ की त्यात नखाएवढी चूक काढता येत नाही. मी लाल पेन उघडलं होतं. ते मिटून ठेवलं. मुद्दाम करणारा माणूस एखाद्या वेळी उजवीकडे करील, एखाद्या वेळी वर. दर वेळी डावीकडेच, आणि दर वेळी थोडं जास्त, असं मुद्दाम कुणी करत नाही.

मला पुन्हा पुन्हा एकच चित्र दिसत राहिलं. स्टँडवर तुमचा फोटो चढतो, दिवा लागतो, आणि तुम्ही त्या हाताकडे बघता. घरी छापून आल्यावर तुम्हीही तो पाहिला असणारच. कॅमेऱ्यातून बघताना तो नव्हता, याबद्दल तुमची खात्री होती. होती ना? म्हणूनच तुम्ही त्याला मुद्दाम म्हणालात. त्या बाईवर तुम्ही चिडला नव्हता. तुम्ही घाबरला होता, आणि घाबरल्यावर तुम्ही काय करता हे या घरात आम्ही तिघांनीही सोसलेलं आहे.

तुमची आई, आमची आजी, शेवटी शेवटी दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायची आणि चौकट पुढे आली म्हणून सुताराला शिव्या द्यायची. तिचा काचबिंदू कळला तेव्हा उशीर झाला होता. परवा मी ते सगळे फोटो घेऊन इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. ते फोटो पाहून आधी हसले, मग हसायचे थांबले. त्यांनी विचारलं, वडील कॅमेऱ्याला कुठला डोळा लावतात? उजवा, आणि डावा मिटून घेतात, म्हटलं. ते म्हणाले, काचबिंदूत उजव्या डोळ्याची नाकाकडची, म्हणजे डावीकडची नजर आधी जाते बऱ्याच जणांची. दोन्ही डोळे उघडे असले की दुसरा डोळा ते भरून काढतो, म्हणून रोजच्या वागण्यात कळत नाही. फोटो बघून नक्की काही सांगता येत नाही, पण ताबडतोब तपासा. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते. बाबा, मागच्या तारखा मी पुन्हा बघितल्या. पहिली चीर येऊन वर्ष उलटून गेलंय. वर्षभर दर रविवारी तुमचे फोटो त्या स्टँडवर चढले, कडा बघायला तुम्हीच शिकवलेली माणसं समोर बसली होती, सगळ्यांना दिसत होतं आणि तुमच्या भीतीने सगळे वा वा म्हणत राहिले. ही भीती तुम्हीच त्यांच्यात घातलीत, आणि त्याची शिक्षा अशी व्हावी असं मला कधीच वाटलं नव्हतं, रागाच्या भरातही नाही. मला फार भीती वाटतेय. म्हणून फोटो छान आहेत असं मी लिहिणार नाही. आईने मागितले ते दोन शब्द तुमचा डोळा घालवतील. तुमच्या गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात गुरुवारी सकाळची वेळ घेतली आहे आणि बुधवारी संध्याकाळी मी घरी येते आहे. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, तिला वाटतंय मी तुमची समजूत काढायला येतेय. चिडायचं असेल तर पोटभर चिडा, मला हवं ते बोला. फक्त ते दवाखान्याच्या बाकावर बसून बोला, मी शेजारी बसून ऐकून घेईन.

तुमचीच,
थोरली