करासच्या नावाची हजेरी

धर्म म्हणजे काय लस आहे का रे, लहानपणी एकदा दंडावर टोचून घेतली की जन्मभर बघायला नको? "उस्तादांना सांगा, रविवारच्या शाळेतून माझं नाव काढून टाका, मला काय शिकायचं होतं ते शिकून झालं." हे वाक्य तू कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, पंख्याच्या नि फरशीच्या गोष्टी संपल्यावर, जाता जाता टाकलंस. त्या वेळी आमच्या अंगणात अर्ध्या गल्लीतल्या बायका चहा घेऊन बसल्या होत्या, कारण कुवेतहून कॅसेट आली म्हटलं की लग्नाला यावं तशा येतात. सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या, घरात कुणी गेल्यावर बघतात तशा. विशी ओलांडली नाही तोवर पोराचं शिकून झालं! अबूना बिसेंटींची दाढी पांढरी होऊन पोटाला टेकली, तरी तो धर्मगुरू माणूस रोज सकाळी चष्मा पुसून पुस्तक उघडतो. त्यांना कुणीतरी कळवायला हवं, की बाबा, कुवेतमध्ये फरशी बसवणाऱ्या एकाचं सगळं शिकून झालंय, त्याच्याकडून उतरवून घ्या आणि चष्मा ठेवून द्या.

असो. राग आधी काढून टाकला, कारण तो पोटात ठेवून आशीर्वाद लिहिले तर आशीर्वादाला त्याचा वास येतो. आता रीतीनं लिहिते.

चिरंजीव करास यास आजीचे अनेक आशीर्वाद. येशूची कृपा आणि पवित्र मरियेची छाया तुझ्यावर राहो. इकडे सर्व खुशाल (माझे गुडघे नि म्हशीचा पुढचा खूर सोडून, दोघी एकाच पायानं लंगडतो, त्यामुळे पाण्यावर जाताना सोबत होते). तुझी आई इन्साफ बरी आहे. रोज रडते, त्यावरूनच म्हणते की बरी आहे. ज्या दिवशी रडली नाही त्या दिवशी मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. तुझे काका तुला पोटभर वाढतात ना? तू सुटलास की वाळलास हे आवाजावरून कळत नाही. कॅसेट मी पुष्कळदा लावून पाहिली. तुझा आवाज ऐकायला नव्हे, फरशी कशी बसवतात ते नीट समजावं म्हणून. आता मला येतं. मधे एके ठिकाणी तू खोकतोस. तिथं आली की इन्साफ फीत मागं घेते, तुला पुन्हा खोकायला लावते, आणि म्हणते, "आई, हा छातीतला आहे." असं करून करून तिथली फीत इतकी झिजलीय की आता तू खोकत नाहीस, नुसता घरघरतोस. पत्राचं अक्षर माझंच आहे. कोंबडी नाचून गेल्यासारखं दिसेल, पण इन्साफला सांगितलं असतं तर तिनं प्रत्येक ओळीत साखर घातली असती.

तर तुझा निरोप पोचवायला मी गेले होते, हे आधी सांगते, नाहीतर म्हणशील आजीनं निरोप गिळला. आपली रविवारची शाळा शुक्रवारीच भरते (रविवारी देव मोकळा असतो, पण माणसं कामावर असतात), म्हणून शुक्रवारी प्रार्थना आटोपल्यावर मी तुमच्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभी राहिले. पुढं लहान पोरांना शिकवायचंय म्हणून आधी स्वतः शिकणारी तुमची ती सगळी टोळी बसलेली. उस्ताद रमसीस हजेरी घेत होते. (बिचारे आठवडाभर सरकारी शाळेत गणित शिकवतात आणि शुक्रवारी देवसुद्धा गणितासारखाच शिकवतात, फळ्यावर रेघ मारून, खाली उत्तर.) मी तोंड उघडणार, तेवढ्यात बघते तर लोहाराचा नस्सीम, ज्याला तू कालव्यात पोहायला शिकवलंस तोच, आपली पिशवी हळूच तुझ्या खुर्चीवर सरकवतोय. पंख्याखालची खुर्ची ना ती! आता मी सरकारी दुकानापुढं कोंबड्या घ्यायच्या रांगेत आयुष्य काढलेली बाई. रांगेतला माणूस शिंकायला वळला तरी मागचा त्याच्या जागी उभा असतो, हे मला सांगायला नको. पण तिथं एक सोय असते, जागा धरायला घरातलं कुणीही उभं केलं तरी चालतं. विहीण चालते, नाहीच कुणी तर वीट ठेवली तरी चालते. तोच उस्ताद म्हणाले, "करास लबीब." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हजर!"

एकदा हजर म्हटल्यावर काय करणार? गेले आत, पिशवी उचलून नस्सीमच्या मांडीवर ठेवली आणि बसले. मुलींनी तोंडात रुमाल कोंबले. उस्ताद म्हणाले, "करासच्या आजी, ही मुलांची बाजू आहे." मी म्हटलं, "मग मी काय तुम्हाला मुलगी दिसते?" त्यांनी अबूनांना बोलावलं. अबूनांनी मला नि खुर्चीला नीट पाहिलं आणि म्हणाले, "बसू दे रे. थकेल आणि जाईल घरी." (ते आपल्या गावात येऊन थोडीच वर्षं झालीत, त्यांना काय माहीत. आधीचे तिघं अबूना मीच थकवले.) असं दर शुक्रवारी चाललं. मी डोळे मिटून ऐकायची आणि उस्तादांना वाटायचं माझं ध्यान लागलंय. घोरणं मी लवकर आवरतं घेतलं, कारण तुझ्या नावावर लागत होतं.

संकट आलं ते योनाच्या उपासाच्या आधी. तुमच्या वर्गातल्या प्रत्येकानं आळीपाळीनं लहान पोरांना एक गोष्ट सांगायची असते ना, ती करास लबीबची पाळी आली. उस्ताद म्हणाले, राहू द्या आजी. मी म्हटलं, का राहू द्या, पाळी गेली की जागा गेली. आणि योनाची गोष्ट मला काय नवीन आहे? दरवर्षी त्या माणसापायी मी तीन दिवस उपाशी राहते, एवढं तर मी तुझ्या आजोबांसाठीसुद्धा कधी केलं नाही. तर मी त्या चिमण्यांपुढे बसले आणि सुरू केलं: देव म्हणाला निनवेला जा, शहाणा निघाला तार्शीशला. बरोबर उलट. बंदरावर तिकीट काढलं, घरी सांगितलं असेल, दोनच वर्षं, आई, पंखा नि ब्लँकेट घेऊन येतो. मग वादळ, मग समुद्रात फेकला, मग मासा. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. एकानं विचारलं, "आजी, माशानं त्याला चावलं का नाही?" मी म्हटलं, माशाचा उपास होता. तीन दिवस त्यानं काही खाल्लं नाही, पोटात आयता माणूस असून खाल्लं नाही, आणि तुम्ही दुपारपासून भाकरी मागता! पोरांना ते इतकं पटलं की घरोघरी जाऊन सांगितलं, आणि उस्ताद धावत आले की आजी, असं पुस्तकात नाही. मी म्हटलं, त्यानं खाल्लं असंही पुस्तकात नाही.

पण खरी फजिती त्याच्या आधीच झाली होती. माशानं योनाला किनाऱ्यावर टाकलं, मी हात झटकले आणि म्हटलं, झाली गोष्ट. तेवढ्यात पुढची एक चिमुरडी, फिब्रोनिया नावाची (समोरचे दोन दात पडलेत, नाव मात्र राणीचं), म्हणते कशी, "झाली नाही. अजून तो रुसायचाय." मी म्हटलं, कोण रुसायचाय? "योना. तो देवावर रुसतो आणि गावाबाहेर जाऊन बसतो." मी उस्तादांकडे बघितलं, की ही पोर काय बोलते. तर उस्ताद मान हलवतात! करास, मला घाम फुटला. इतकी वर्षं मी हा उपास धरला आणि पुढं काही आहे हे मला ठाऊकच नव्हतं. कसं असणार? ते पुढचं वाचतात उपासाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आपल्या गावातली एक तरी बाई चर्चमध्ये असते का? त्याच्या दुसऱ्या दिवशी उपास सुटायचा, सगळ्या कणीक उन्हात फुगत ठेवून भट्टीपाशी बसलेल्या. माझी आई तशीच, सासू तशीच. आमच्यातल्या कुणाचा योना किनाऱ्याच्या पुढं कधी गेलाच नाही.

घरी आले आणि इन्साफला वाटाणे सोलायचे सोडून पुस्तक काढायला लावलं. तिनं वाचायला घेतलं. निनवेच्या लोकांनी ऐकलं, पश्चात्ताप केला, देवानं त्यांना माफ केलं, आणि हा योना म्हणतो, माफ का केलंस? बसला शहराबाहेर मांडव घालून, आता ह्यांचं वाईट कधी होतं बघतो म्हणून. देवानं सावलीला एक वेल उगववला, दुसऱ्या दिवशी किड्यानं तो खाल्ला. इन्साफ म्हणाली, "आई, आता तो मरण मागतोय."

"कशापायी?"

"वेल वाळला म्हणून."

"वेल वाळला म्हणून? मग मी आतापर्यंत कितीदा मेले असते, दर उन्हाळ्यात माझी काकडी जाते."

"गप्प बसा हो, देव बोलतोय."

मी गप्प बसले (हे लिहून ठेव, पुन्हा व्हायचं नाही). देव म्हणतो, तुला एका वेलाची इतकी कळकळ, मग ह्या एवढ्या मोठ्या शहराची मला नको का वाटायला, ज्यात डावा-उजवा हात न कळणारी इतकी माणसं आहेत, आणि पुष्कळ गुरंढोरंही? गुरंसुद्धा धरली रे त्यानं! मी उठून म्हशीला एक पेंढी जास्त टाकली. आणि परत येऊन म्हटलं, हं, मग योना काय म्हणाला? इन्साफ म्हणाली, संपलं. पान उलटून पाहिलं, तिथं दुसऱ्याच कुणाचं पुस्तक. शुक्रवारी उस्तादांना विचारलं, त्यांनी रेघ मारली, पण खाली उत्तर लिहिता आलं नाही. अबूनांना विचारलं, तर ते हसले आणि म्हणाले, "आजी, इतकी वर्षं झाली, मी अजून त्याच पानावर आहे." त्या रात्री मला झोप लागेना. म्हाताऱ्या माणसाला झोप लागत नाही ती गुडघ्यांमुळे. एका प्रश्नामुळे लागत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. घर मोकळं असलं की डोकं त्याच त्या दोन गोष्टींभोवती फिरतं, त्याला तिसरी मिळाली.

म्हणून तुला विचारते, माझं एका माशाच्या पलीकडचं शिकून झालं नाही, तुझं सगळं कधी झालं? तू पहिल्यांदा झांजा घेऊन वेदीपाशी उभा राहिलास तेव्हा शिवलेला पांढरा झगा माझ्या पेटीत आहे (द्यायचा होता कुणाला तरी, त्या मापाचं पोर मिळालं नाही म्हणून राहिलाय). तो आता घालून दाखव. कोपरात अडकेल. दहाव्या वर्षी तुला देव जेवढा कळला तो त्या मापाचा होता, राजा, आणि झगा तोकडा झाला म्हणून कुणी "कपडे घालून झाले" असं म्हणत नाही. तिकडे चर्च लांब आहे, शुक्रवारी काम असतं, सगळं मान्य. पण पुस्तक लांब नाही, आणि फरशी बसवताना हात गुंततात, डोकं मोकळंच असतं. मला आता त्यातलं कळतं.

गरम कपडे घालत जा. वाळवंटातली थंडी लबाड असते. काकांना आशीर्वाद.

तुझी आजी,
शफीका

ता. क. तुझं नाव काढलं. गेल्या शुक्रवारी मीच उस्तादांना सांगितलं, तुझा निरोप जसाच्या तसा. देवाच्या घरात दर आठवड्याला "हजर" असं खोटं किती दिवस बोलायचं? खुर्ची नस्सीमला दिली. पंखा त्यानं स्वतः चालू केला, मी बघत होते. आता हजेरीत तुझं नाव कुणी मोठ्यानं घेत नाही. तेवढं एक ऐकायला मिळायचं.

आणखी ता. क. यादीच्या तळाशी एक नाव वाढलं, ते माझं. मुलींच्या बाजूला, दाराशी, वाऱ्यात. पहिलं काम मिळालं ते, जो वर्गाला येईनासा झालाय त्याच्या घरी जायचं, दार वाजवायचं, बसायचं, एक चहा घ्यायचा. तुझं नाव यादीत नाही, म्हणून उस्ताद मला तुझं घर द्यायला तयार नव्हते. मी घेतलं. कुवेतला चालत येता येत नाही, तेव्हा हे पत्र म्हणजे मी दार वाजवलं असं समज, आणि चहा तू तिकडे घे.

शेवटचं ता. क. पत्र झाल्यावर इन्साफनं ह्या कामाचे नियम वाचून दाखवले. भेटीला गेलं की रागवायचं नाही, का आला नाहीस असं विचारायचं नाही, आपलं शहाणपण सांगायचं नाही. म्हणजे वरचं सगळं बाद. पुन्हा लिहिणार नाही, बोटं दुखतात. तू ते न वाचल्यासारखं कर. फक्त म्हणायचं की तुझी आठवण येते, आणि तुला काही विचारायचंय का असं विचारायचं. तर म्हटलं. एक प्रश्न पाठव, देवाबद्दल, कसलाही, उद्धट असला तरी चालेल. मला उत्तर येणार नाही, पण मी वर्गात उठून तुझं नाव घेऊन विचारीन. पत्राचं उत्तर काकांनी लिहायचं नाही, कॅसेट भरायची नाही, आईला निरोप द्यायचा नाही. तू लिहायचंस, तुझ्या हातानं, माझ्या नावानं.