मागच्या सीटवरची आई

जेनोवा, ९ ऑक्टोबर १९८४

ती. आईस, रुजेरोचा सा. न. वि. वि.

पत्र शेजारच्या नीव्हेसकाकूंच्या अक्षरात आलं, पण बोल तुझेच होते. वाचताना कान लाल झाले. तुझी दृष्टी गेली त्याला सहा महिने झाले. फेरारात तू एकटी, आणि इथे आमच्या जिवाला घोर. तुझी खोली तयार आहे. लुदोविकाने पडदेही लावलेत. (ते मला काय कामाचे, असा टोमणा मारू नकोस.)

तुझी पैज मान्य. दोघांच्या सायकलवर मी पुढे, तू मागे. लुदोविका आणि आमची लेक तेक्ला आपापल्या सायकलींवर. तू आम्हाला सगळं गाव दाखवायचंस. एक जरी वळण चुकलीस, तर सामान बांधून इकडे यायचं. नाही चुकलीस, तर हा विषय मी जन्मात काढणार नाही. दिवस तूच ठरव.

राग धरू नये, माया असू द्यावी.

तुझा,
रुजेरो

फेरारा, १६ ऑक्टोबर

चि. रुजेरोस आईचे अनेक आशीर्वाद.

अकरा नोव्हेंबर, रविवार, संत मार्टिनचा दिवस. सायकल नीव्हेसचा भाऊ देतोय. आपल्या गल्ल्यांत दगडगोट्यांच्या मधोमध सपाट दगडांची पट्टी असते, तिच्यावरूनच चालव. तुम्हा जेनोवाच्या डोंगरातल्या लोकांना हेही सांगावं लागतं. जेवायला भोपळा भरलेले कापेल्लाची करते. सूनबाईला म्हणावं, पडदे काढून ठेव.

(मी हिला आवरते आहे, पण ऐकेल तर शपथ. – नीव्हेस)

सर्वांना गोड पापा.

आई

जेनोवा, १३ नोव्हेंबर

ती. आईस सा. न.

तू मागे होतीस, म्हणून पुढे काय चाललं होतं ते सांगतो. तू किल्ला ओळखलास, तेव्हा मनात म्हटलं, त्यात काय मोठंसं! हिऱ्यांच्या महालाच्या टोकदार दगडांवर तेक्लाचा हात ठेवून तू गोष्ट रंगवलीस, तरी माझा हेका सुटला नव्हता. मग आपण गावाच्या तटावर चढलो आणि धुकं उतरलं. मला माझं हँडल दिसेना. लुदोविका रडकुंडीला आली. उतरून चालू या म्हणालो, तर तू पाठीत गुद्दा घातलास आणि तिघांनाही दटावून तुझ्या आवाजाच्या मागे लावलंस.

पुढे उतार आहे, ब्रेक धर, आता डावीकडे, असं तू सांगत गेलीस. कमानींच्या गल्लीत कमान आली की घंटीचा आवाज बदलतो, हे मला या वयात कळलं. थेट तुझ्या दारात उतरलो. एकही वळण चुकलं नाही!

आता कबुली देतो. पैज मान्य करण्याआधीच मी तुझ्या घरमालकाला कळवलं होतं, की नाताळात घर रिकामं होईल. काल ते रद्द केलं. त्या धुक्यात मी सगळा वेळ रडत होतो, आई. लाजेनेही आणि आनंदानेही. मला क्षमा कर.

तुझा,
रुजेरो

फेरारा, १९ नोव्हेंबर

चि. रुजेरोस आशीर्वाद.

घरमालक तेव्हाच येऊन सांगून गेला होता. म्हणून तर मी दिवस निवडून घेतला. मार्टिनच्या सुमाराला इथे धुकं कधी चुकलंय? इथेच जन्मलास आणि विसरलास. शेरास सव्वाशेर भेटली, असं समज. क्षमा केव्हाच केली.

आणखी एक. मासळी बाजारापाशी मी एक वळण चुकले होते. तुम्हाला गोल फिरवून परत आणलं, तिघांपैकी एकालाही कळलं नाही. पण आता हा विषय जन्मात काढायचा नाही, असं तूच लिहून दिलं आहेस.

तुझी,
आई