ओग्न्यानचा दुसरा दिवस

२ मार्च

पोचले बाई एकदाची. तीन दिवसांच्या प्रवासात अंगाचं पार भरीत झालं, पण मन प्रसन्न आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण असं माझ्या बाबतीत क्वचित घडतं. तळाचं दार उघडलं तर समोर स्तोयना हातात गोल गरम पाव आणि मिठाची वाटी घेऊन उभी! सोफियातल्या माझ्या सख्ख्या वहिनीने मला कधी दारात पाव-मीठ दिलं नाही, आणि इथे चंद्रावर दिलं. तुकडा मिठात बुडवून तोंडात टाकला आणि उगीचच डोळे भरून आले. वय झालं, दुसरं काय.

इथे तिघंच आहेत. बोरिमीर प्रमुख; मिशा भरघोस, बोलणं तोळाभर. तोदोर जमीन खोदतो आणि जिभेने माणसंही खोदतो. स्तोयना साठीची, डॉक्टरही तीच आणि स्वयंपाकीणही तीच. दोघं तिला मावशी म्हणतात. चौथा ओग्न्यान, हवेची यंत्रं सांभाळायचा. सगळ्यांत शेवटी आलेला, नवखा. चोवीस जानेवारीला सकाळी तो बिछान्यात मेलेला सापडला. बाहेर दगडांखाली पुरलाय त्याला.

तो का मेला ते शोधायचं माझं काम. तीस वर्षं मी अपघातांच्याच चौकशा केल्या, विमानं, बोगदे, एकदा डोंगरातला तारेवरचा पाळणा. हे शेवटचं. वीस तारखेला इथे सूर्य उगवला की जहाज मला न्यायला येईल. मग प्लोव्दिवच्या घरी अंगणात मिरच्या भाजत बसेन, आणि कोणी कसंही मेलं तरी जागची उठणार नाही.

जेवायला बसलो चौघं, कप मात्र पाच. पाचवा काठोकाठ भरलेला, वर पावाचा तुकडा. ओग्न्यानचा. चाळीस दिवस व्हायचेत ना अजून, तोवर माणूस घरातून हलत नाही. आईने आजोबांसाठी असाच ठेवला होता. त्याची खोलीही तोवर मला मिळायची नाही म्हणे, म्हणून सध्या मुक्काम कोठारात, बटाट्यांच्या शेजारी.

४ मार्च

आज चाळीस दिवस झाले. स्तोयनाने गहू शिजवून वर साखर पेरली, मेणबत्तीऐवजी एक छोटा दिवा लावला. तोदोरला राहवतंय थोडंच! मावशी, तू दिवस कुठले मोजतेस, सोफियाचे की इथले, म्हणाला. इथला सूर्य उगवून परत उगवायला साडेएकोणतीस दिवस लागतात. ओग्न्यान गेल्यापासून एकदाच उगवलाय. म्हणजे त्याचा आज कुठे दुसरा दिवस! चाळीस व्हायला सव्वातीन वर्षं, तोवर भर कप. स्तोयनाने त्याच्यावर डाव उगारला, गप बस मेल्या, म्हणाली. आम्ही सगळे हसलो.

मग तिने तो कप ओतला, धुतला आणि फळीवर पालथा घातला. तो पालथा पडला तेव्हा तिघांचे खांदे एकदमच सैल झाले. असल्या गोष्टी बघायची सवयच लागलीय मला.

रात्रीपासून त्याच्या खोलीत. उशाशी पंखा आहे. इथे सगळंच हलकं, सोडलेला श्वासही वर जात नाही, तोंडापाशीच घुटमळतो. पंखा फिरला नाही तर झोपलेला माणूस आपल्याच श्वासात गुदमरायचा. ओग्न्यान तसाच गेला.

६ मार्च

काल सूर्य मावळला. आता पंधरा दिवस अंधार.

पंखा खोलून पाहिला. ठणठणीत आहे. त्याचं बटण खोलीत नाही, बाहेर बोळात आहे. बिघाड, बिघाड म्हणून जे कागद मला दिले त्यात हे कोणी लिहिलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्या कागदांत खटकली होती. वीस जानेवारीचं जहाज नादुरुस्त झालं, ते तीन फेब्रुवारीला आलं. तेव्हा या तिघांचे ओठ निळे पडले होते. हवा शुद्ध करणारे डबे त्यांना पुरायला हवे होते, पण पुरले नाहीत. का, ते कोणी विचारलं नाही.

डोकं जड आहे. तीस वर्षांचा शीण एकदम वर आल्यासारखा.

८ मार्च

बायकांचा दिवस! तोदोरने आम्हा दोघींना कांद्याच्या पातीची एकेक जुडी दिली, रिबिनीऐवजी तार बांधून. इन्स्पेक्टरबाई, वास घ्या पण खाऊ नका, रात्री भाजीत घालायचीय, म्हणाला. त्याच्यावर संशय घ्यायला जिवावर येतं.

दुपारी डबे वजनाला लावले. श्वासातला विषारी वायू ते शोषून घेतात आणि जड होतात. माणसामागे दिवसाला साधारण किलोभर. आम्ही चौघं, म्हणजे चार किलो भरायला हवं.

पाच भरलं. पुन्हा केलं, पुन्हा पाच.

मग जुन्या नोंदी काढल्या. चोवीस जानेवारीपर्यंत रोज चार किलो. त्यानंतर माणसं तीन, वजन चारच.

९ मार्च

कोणीतरी लपलंय असं धरून चालले. सगळा तळ धुंडाळला, कोठार, यंत्रांच्या मागची पोकळी, बटाट्यांची पेटीसुद्धा. कोणी नाही. वजनकाटा बदलून पाहिला. पाच.

खूप थकवा येतो. जिना चढायचा म्हटलं की रडू येतं.

१० मार्च

शिल्लक मोजली. उरलेले डबे चाळीस किलो शोषतील. चौघांना दहा दिवस, थेट विसापर्यंत. पाच जणांना आठ. म्हणजे अठराला खलास. जहाज अंधारात उतरत नाही.

बोरिमीरला सांगितलं. तो चकित झाला नाही. मिशी चावत म्हणाला की जानेवारीतही असंच झालं होतं, चौघांना पुरणार नव्हते, तिघांना पुरले असते. दोघांनाही कळलं की तो काय बोलून गेला.

सोफियाच्या कचेरीला कळवायचंय म्हटलं. संदेशयंत्राची किल्ली त्याच्या गळ्यात असते. उद्या बघू, म्हणाला.

११ मार्च

स्तोयना स्वतःहून माझ्या खोलीत आली, बिछान्याच्या कडेवर बसली आणि सगळं ओकली. तिघांनी ठरवलं होतं, एकाला कमी करायचं. ओग्न्यानला काही ठाऊक नव्हतं. तिने नाताळात करतात तसा नाणं घातलेला पाव केला. टेबलावर फिरवायचा, ज्याच्यापुढचा तुकडा त्याचा. देवच काय ते ठरवील, असं एकमेकांना म्हणाले. पण पाव मीच भाजला होता गं, ती म्हणाली, नाणं कुठे आहे ते माझ्या बोटांना ठाऊक होतं, हात कुठे थांबवायचा तेही. तोदोरला आई आहे, बोरिमीरला मुली. तो पोरका, आणि सगळ्यांत नवा.

नाणं मिळालं म्हणून ओग्न्यान खूश झाला. वर्षभराचं नशीब निघालं, म्हणाला. त्या रात्री पंखा बोरिमीरने बंद केला.

मला तिची घृणा वाटायला हवी होती. मी तिला पाणी दिलं.

जाताना म्हणाली, आणि एवढं करून हवा वाचली नाहीच गं.

सगळ्यांत नवी आता मी आहे.

१२ मार्च

बोरिमीर किल्ली देत नाही. उद्या, म्हणतो.

झोपेत श्वास ऐकू येतो. माझाच असेल म्हणून मी माझा रोखून धरला. तो चालूच राहिला. शांत, झोपलेल्या माणसाचा. उशाशी, भिंतीकडून.

मला भीती वाटते. तीस वर्षांत पहिल्यांदा लिहितेय हे.

१४ मार्च

आज जेवायला गोल पाव. कशासाठी ते कोणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. फक्त म्हणाले, पाव मी फिरवणार. स्तोयनाने हात मागे घेतला.

पहिला तुकडा नेहमीप्रमाणे गेलेल्यांचा, मग आम्हा चौघांचे. मी फिरवला, डोळे मिटून.

नाणं पहिल्या तुकड्यात निघालं. ओग्न्यानच्या.

तोदोर हसत सुटला, खोकला लागेपर्यंत, ओठ निळे होईपर्यंत. म्हणाला, घ्या, पुन्हा त्यालाच, आता त्याला कसं मारायचं ते सांगा. बोरिमीर ओरडला, परत फिरवा. कोणी पावाला हात लावला नाही.

१५ मार्च

पंखा थांबला होता. डोकं फुटतंय असं वाटून जाग आली, रांगत बोळात गेले, चालू केला. बोळात कोणी नाही. बटणाला तार बांधली, कांद्याच्या जुडीची.

ही वही वापरलेल्या डब्यात लपवणार. वजन जास्त भरलं की कोणीतरी झाकण उघडेल. सगळं लिहिलंय. पंखा बंद करणारा बोरिमीर, नाणं लावणारी—

स्तोयनाला लिहायला हात होत नाही. पण लिहिते. स्तोयना.

१६ मार्च

तार सोडून, नीट गुंडाळून खुंटीला टांगलेली.

जागी राहायचं. बसूनच राहायचं. फक्त आज— दमले गं आई, फार दमले— पाच मिनिटं डोळे—

१७ मार्च

डोकं दुखत नाही! कितीतरी दिवसांनी हलकं वाटतंय.

पंखा बंद आहे.

स्वयंपाकघरात गेले. स्तोयना गहू शिजवत होती. हाक मारली, वळली नाही. तोदोरला हलवलं. तो टेबलाकडे बघत होता. टेबलावर माझा कप, भरलेला. वर पावाचा तुकडा.

बोरिमीर त्यांना सांगत होता की आता पुरेल, विसापर्यंत नक्की पुरेल.

डबे वजनाला लावले.

पाच.

ते तिघं. ओग्न्यान. आणि—

पुरणार नाही! त्यांना सांगायला हवं— उद्याच संपतील, जहाज विसाला— मारून काही वाचत नाही, बोरिमीर, ऐक ना—

तोदोर, तुझा हिशेब बरोबर होता. त्याचा अजून दुसराच दिवस. माझा तर पहिलाही उगवला नाही.

शेजारी तो श्वास घेतोय. मीही घेतेय. रोखून पाहिला, दोघांनी मिळून रोखून पाहिला. थांबतच ना—