तीन सेकंदांची खिळेपट्टी

४ मार्च, सकाळी
आम्हा पोलिसांचं खिळेपट्टीचं ट्रेनिंग संपलं. पळणारी गाडी आली की रस्त्यावर पट्टी फेकायची, गाडीचे टायर बसले की पट्टी दोरीने लगेच मागे ओढायची. ट्रेनर म्हणाले, दुचाकी दिसली तर पट्टी टाकायचीच नाही, जीव जातो माणसाचा. हे मला कशाला सांगायचं? मी तीन सेकंदांत ओढतो. घरी पायपुसण्याला दोरी बांधून सराव केला. बायको चहाच्या कपासकट आपटली. तिचं लक्षच नसतं.

९ मार्च
आज पट्टी टाकली. चोरीची गाडी अलीकडच्याच गल्लीत वळली. मागून एक शिंपी स्कूटरवरून आला आणि पडला. उजवं मनगट मोडलं. पुढे बघून चालवायला नको? वायरलेसवर काहीतरी सांगत होते, पण नुसती खरखर. रिपोर्टात लिहिलं, स्कूटर घसरली. चोर संध्याकाळी स्वतःच्या घरी टीव्ही बघताना सापडला.

११ मार्च
हॉस्पिटलात शिंप्याला भेटून आलो, माणुसकी म्हणून. संत्री नेली. म्हणाला, तुम्ही उचललंत म्हणून वाचलो. मी नाही म्हटलं नाही. त्याच्या बायकोने विचारलं, ते खिळे कुणी टाकले हो? म्हटलं, चौकशी चालू आहे. तिने चहा दिला. प्यायलो.

१४ मार्च, दुपारी
जेवण जात नाही. खरं लिहितो, ही वही कोण वाचतंय? वायरलेस स्वच्छ ऐकू येत होता. चोराचा पत्ता मिळालाय, गाडी सोडून द्या, असंच म्हणाले. स्कूटरही दिसली होती. मला पट्टी टाकायचीच होती. पाच दिवस सराव केला होता ना.

२० मार्च
शिंप्याच्या दुकानात गेलो. मनगट पूर्वीसारखं वळणार नाही म्हणे. डाव्या हाताने कापड कापत होता, वाकडंतिकडं. मी म्हटलं, चौकशी जोरात चालू आहे. त्याने कात्री खाली ठेवली.

"साहेब, मला उचललंत तेव्हा दोरी तुमच्या हातात होती. म्हटलं, आज ना उद्या तुम्हीच सांगाल."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच चौकीवर परत आलो. उद्या पहिलं काम, मोठ्या साहेबांसमोर उभं राहून रिपोर्ट बदलणार. नक्की.

२१ मार्च
मोठे साहेब दोन दिवस रजेवर. ऐकून हायसं वाटलं. हायसं वाटलं, याचीच आता लाज वाटतेय.