बिनधुराची भट्टी

१ डिसेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण कामात शिस्त यावी. दुसरं काही कारण नाही.

विद्यापीठाच्या इनोव्हेशन सेलचा मेल आला. प्रादेशिक नवसंशोधन निधीसाठी आपल्याकडून एकच प्रस्ताव पुढे जाणार. त्याआधी आपापसांत स्पर्धा. सादरीकरण आठ जानेवारीला.

आमचा प्रकल्प तयार आहे. हुरडा भाजायची विजेवरची भट्टी. गोवऱ्या नकोत, आगटी नको, धूर नाही. ज्वारीची कोवळी कणसं ड्रममध्ये टाकायची, बटण दाबायचं.

'आमचा' लिहिलं. 'माझा' लिहायला हवं. मल्लप्पा दिवाळीच्या आधी गेला. हार्ट. त्यामुळं आता टीममध्ये मी एकटा. तसाही ड्रम माझा, थर्मोस्टॅट माझा, डिझाइन माझं. मल्लप्पाचं काम फक्त बोलण्याचं. मी मशीनच्या एका बाजूला उभा राहायचो, तो दुसऱ्या बाजूला उभा राहून बोलायचा. बोलायला काय लागतं?

मागच्या वर्षी आमचा दुसरा नंबर आला. माझ्या मते त्याच्या लांबणीमुळं.

संकल्प: यंदा मीच बोलणार. मोठ्यांदा.

३ डिसेंबर, बुधवार

हिला संकल्प सांगितला. ही म्हणाली, दारात आलेल्या पाहुण्याला 'बसा' म्हणायला तुम्हाला चहा संपेपर्यंत वेळ लागतो. उत्तर नंतर सुचलं, पण तोवर ही झोपली होती.

६ डिसेंबर, शनिवार

स्कूटरवर सराव. हेल्मेट असल्यामुळं कुणाला कळत नाही. 'आदरणीय समिती सदस्य' इथपर्यंत सात रस्त्याचा सिग्नल आला. शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, काय म्हणताव काका? मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, फोन आल्यावर बाजूला थांबावं की.

एकूण प्रगती समाधानकारक. आवाज हेल्मेटच्या बाहेर गेला, हे सिद्ध झालं.

९ डिसेंबर, मंगळवार

रिकाम्या वर्गात तालीम. फळ्यासमोर उभं राहून पूर्ण प्रस्तावना म्हटली. थर्मोस्टॅटपर्यंत पोचलो तेव्हा शिपाई अण्णाराव आले, दिवे बंद केले आणि कडी घालून गेले. वर्गात कुणी नाही असं त्यांना वाटलं.

मी तेव्हा बोलत होतो.

अण्णारावांच्या कानांचं बघायला हवं. बाहेर काढायला त्यांनाच फोन करावा लागला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

कँटीन. कौसर मॅडम भेटल्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या. त्यांचाही प्रस्ताव आहे: जुन्या यंत्रमागाला एक छोटी डबी लावायची, मागावरचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. ठीक आहे. पण त्यात खायला काही नाही.

त्यांनी विचारलं, सर, तुम्ही हल्ली खिडकीजवळच्या टेबलावर का बसत नाही? मल्लप्पा आणि मी तिथं बसायचो म्हणून त्यांनी विचारलं असावं. मी म्हटलं, तिथं पंख्याचा वारा लागतो. त्या म्हणाल्या, डिसेंबर आहे सर, पंखा बंद आहे. मी म्हटलं, कुणी कधीही लावू शकतं.

मग म्हणाल्या, एकदा माझ्यासमोर तालीम करा, कुठं अडतंय ते सांगते. गोड बोलतात. प्रतिस्पर्ध्याला आदल्या महिन्यात सगळं ऐकायला मिळावं, एवढा मी भोळा नाही. वेळ नाही म्हणून सांगितलं.

नंतर अर्धा तास खिडकीजवळच्या टेबलाकडं पाठ करून बसलो. वेळ होता.

१८ डिसेंबर, गुरुवार

स्लाइड आटोपशीर केल्या. मल्लप्पाच्या सगळ्या काढल्या. त्याच्या भागात तांत्रिक असं काहीच नव्हतं. त्याची आई अक्कलकोट रोडला हुरडा विकायची, तिचा फोटो. ती कुठं बसायची, काय म्हणायची, असलं सगळं. समितीला याचं काय?

त्याऐवजी तापमानाचा आलेख घातला. नंतर आणखी एक आलेख. दोन्ही स्पष्ट आहेत.

फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला. फाइल मोठी होती, म्हणून.

३१ डिसेंबर, बुधवार

अक्कलकोटहून चंद्रव्वावहिनींचा फोन. मल्लप्पाच्या घरून. मी न विचारताच म्हणाल्या, स्टँडवर पार्सलात कणसाचं पोतं टाकलंय, उतरवून घ्या.

मी काही म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "दरवर्षी जातंय की पोतं. ते न्हाईत म्हणून शेतातली कणसं थांबत्यात व्हय?"

मी 'हां' म्हटलं. मग रेंज गेली. म्हणजे मी फोन ठेवला, पण रेंजही तशी कमीच होती.

अक्कलकोटला एकदा जाऊन यायला हवं. दिवाळीपासून राहिलंय. पण रस्त्याचं काम चालू आहे आणि इकडं प्रकल्प. आठ तारखेनंतर नक्की.

२ जानेवारी, शुक्रवार

वहिनींच्या कणसांवर चाचणी. विभागातल्या सगळ्यांना हुरडा दिला. शेंगाचटणी घरून नेली होती. दाणे एकसारखे भाजले, एकही करपला नाही. सगळ्यांनी दुसऱ्यांदा घेतला.

कुणीतरी म्हणालं, छान आहे, पण काहीतरी कमी वाटतंय. मी विचारलं, काय? म्हणाला, धूर असेल. मी समजावून सांगितलं की धूर नसणं हाच प्रकल्प आहे. दुसरा म्हणाला, नाही सर, गप्पा कमी वाटतायत. हुरडा खाताना मल्लप्पा सरांच्या गप्पा असायच्या.

हे मोजता येत नाही. नोंद केली नाही.

७ जानेवारी, बुधवार

तयारी पूर्ण. भाषण पाठ. निळा शर्ट इस्त्रीला. हिच्यासमोर शेवटची तालीम. ही शेवटपर्यंत जागी होती. म्हणाली, चांगलं झालं, पण मधेच संपल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, आटोपशीर म्हणतात याला.

उद्याचा निकाल ही औपचारिकता आहे. प्रादेशिक फेरीसाठी कुठला शर्ट, ते ठरवायला हवं.

८ जानेवारी, गुरुवार

सादरीकरण झालं. नीट लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी वेगळं सांगायला नको.

कौसर मॅडमचं माझ्या आधी झालं. टेबलावर छोटा माग ठेवला होता. धागा कापला, माग थांबला. टाळ्या. पण माग चालवायला त्याच, बोलायलाही त्याच, त्यामुळं त्यांची धावपळ झाली. मला मनातून बरं वाटलं.

मग मी. सुरुवात उत्तम. समितीचे अध्यक्ष मानसिंग सर दोनदा 'जरा मोठ्यांदा' म्हणाले, पण ते वयामुळं. ड्रम सांगितला, थर्मोस्टॅट सांगितला, दोन्ही आलेख दाखवले. शेवटी बटण दाबलं, भट्टी सुरू झाली, आणि मी मशीनच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. हात मागं.

भट्टी फिरत होती. मला हलकं वाटत होतं. आपला भाग नीट पार पडला की वाटतं तसं.

बऱ्याच वेळानं मानसिंग सर म्हणाले, "आदिनाथ, पुढं?"

मी म्हणालो, "आता मल्लप्पा सांगेल."

मुद्दाम बोललो नाही. दरवर्षी तिथं उभं राहून हेच म्हणायचो, ते आलं तोंडात.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी थर्मोस्टॅटकडं बघत राहिलो. आकडा स्थिर होता. पुढचं भाषण माझ्याकडं नव्हतंच. मी लिहिलेलं सगळं बोलून झालं होतं, आणि ते निम्मं होतं, हे मला तिथं कळलं.

मग मागच्या रांगेतून कौसर मॅडम उठल्या. मानसिंग सरांना म्हणाल्या, "मल्लप्पा सरांचा भाग मी सांगू का? मागच्या वर्षी ऐकलाय."

सर मान हलवायच्या आत त्या पुढं आल्या आणि मशीनच्या उजव्या बाजूला उभ्या राहिल्या. मल्लप्पाची आई रस्त्याकडेला आगटी पेटवून बसायची, तिथून सुरुवात केली. लहान मल्लप्पाला वाटायचं, गिऱ्हाईक आलं की आई रडते. तो सदऱ्याच्या बाहीनं तिचे डोळे पुसायला जायचा. ती त्याला ढकलायची, म्हणायची, आरं धूर हाय त्यो, मला काय झालंय रडायला. पुढं म्हातारपणी तिला दिसायचं कमी झालं, तरी धूर आला की ती विचारायची, कोन आलंय, किती देऊ?

मॅडमनी हे त्याच्याच थाटात सांगितलं. हात तसेच. 'साहेब' म्हणताना थांबायचं तेही तसंच. लोक हसले, मग गप्प झाले, जिथं जिथं व्हायचे तिथं तिथं.

शेवटी म्हणाल्या, "मल्लप्पा सर म्हणायचे, नुसतं सांगत तर मी जन्मभर हिंडलो असतो. हा माझा दोस्त बोलत न्हाई, पण माझ्या आईच्या डोळ्यांतला धूर ह्यानं काढला."

हे वाक्य तो मागच्या वर्षीही बोलला असणार. त्याच्या आधीही कुठं कुठं बोलला असेल. मी दर वेळी शेजारीच होतो. थर्मोस्टॅट बघत होतो.

हुरडा बाहेर आला. मानसिंग सरांनी तळहातावर चोळून खाल्ला, परत हात पुढं केला. मी वाढत राहिलो. हाताला काम असलेलं बरं.

९ जानेवारी, शुक्रवार

निकाल. कौसर मॅडमचा माग पुढे जाणार. भट्टी दुसरी. मागच्या वर्षीही दुसरीच होती. सातत्य राखलं, ही लहान गोष्ट नाही.

समितीचा शेरा: प्रकल्प उत्तम, सादरीकरणाचा दुसरा भाग विशेष परिणामकारक. हा शेरा आमच्या टीमच्या नावावर आहे.

प्रतिस्पर्ध्यानं स्वतःचं नुकसान होईल असं का करावं, यावर दिवसभर विचार केला. काही डाव दिसत नाही. कँटीनमध्ये त्यांना चहा दिला. आभार मानायचं ठरवून गेलो होतो. साखर चालते का, एवढंच विचारलं. चालते म्हणाल्या.

११ जानेवारी, रविवार

अक्कलकोटला गेलो. रस्ता चांगला आहे.

चंद्रव्वावहिनींना निकाल सांगितला. दुसरा नंबर. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी विचारलं, तुमी बोललाव? मी म्हटलं, निम्मं. बाकीचं एका मॅडमनी सांगितलं. म्हणाल्या, आमच्या आत्याबाईंचं बी? मी म्हटलं, हो, सासूबाईंचंही. सदऱ्याच्या बाहीसकट.

त्या हसल्या. मग म्हणाल्या, बाहीचं आमच्या ह्यांनी पदरचं घातलेलं हाय. सदरा कुटला अंगावर तवा.

नंतर आम्ही दोघंही बराच वेळ बसलो. मला बोलता येत नाही याची कुणाला अडचण झाली नाही. निघताना वहिनी म्हणाल्या, तुमी येऊन बसला, बरं वाटलं. मी म्हटलं, रस्त्याचं काम चालू होतं. त्या हो म्हणाल्या.

१६ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत झाली, गड्ड्याच्या यात्रेची गर्दी ओसरली. विद्यापीठ पूर्ववत. भट्टीवर ताडपत्री घातली.

कौसर मॅडम केबिनमध्ये आल्या. प्रादेशिक फेरीत माग चालवायचा आणि बोलायचं, दोन्ही एकदम जमत नाही म्हणाल्या. दुसरा माणूस लागेल. माझं नाव टीममध्ये घालू का?

मी म्हटलं, विचार करून सांगतो. माझं स्वतःचं संशोधन आहे, यंत्रमागाचा अनुभव नाही, ज्येष्ठतेचाही प्रश्न येतो. त्या बरं म्हणून उठल्या. दारापर्यंत पोचायच्या आत हो म्हणून टाकलं. उगाच ताटकळत ठेवणं बरं नाही.

माझं काम: बटण दाबणं, धागा तुटला की माग थांबतो का ते बघणं आणि बाजूला उभं राहणं. या कामाचा माझ्याइतका अनुभव आमच्या विद्यापीठात दुसऱ्या कुणाला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असणार.

मॅडमनी विचारलं, "सर, तुम्ही कुठल्या बाजूला उभे राहता?"

डावीकडं, म्हणालो. उजवीकडच्या माणसाला बोलावं लागतं, हेही सांगून ठेवलं. नंतर गैरसमज नको.